पथ्याचे गुण आणि ताटाचा हिशेब

(कारधा, जि. भंडारा येथील श्रोत्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कारध्याच्या पुलापाशी पावसाळ्यात वैनगंगेची पातळी मोजली जाते. २४५.५० मीटर ही तेथील धोक्याची खूण. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस संजय सरोवराचे पाणी सोडले गेले, नदीने ती खूण मागे टाकली आणि भंडाऱ्याच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या वेळी नदीला कोणी बेशिस्त ठरवले नाही. पाणी कोठून आले, कोणी सोडले आणि इशारा केव्हा मिळाला, हेच लोकांनी विचारले. मोजमाप हे कारण शोधण्यासाठी असते, हा साधा विवेक तेथे शाबूत होता. माणसाच्या ताटाचे मोजमाप होते तेव्हा मात्र तो सुटतो. ताट अपुरे आढळले की खाणाऱ्याला अडाणी ठरवून शास्त्र मोकळे होते.

योग्य आहाराचे पालन कोण किती करतो, हे गुणांनी मोजण्याची पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. १९५८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी सात देशांतील आहार आणि हृदयविकार यांचा अभ्यास सुरू केला आणि भूमध्य सागराकाठच्या शेतकऱ्यांचे साधे जेवण चर्चेत आले. १९९५ मध्ये ग्रीसच्या अँटोनिया ट्रायकोपुलू व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जेवणासाठी एक मोजपट्टी तयार केली. भाज्या, डाळी, फळे, धान्य इत्यादी गटांना प्रत्येकी एक गुण. पुढे मासे धरून ती नऊ गुणांची झाली. २००३ साली २२,०४३ ग्रीक स्त्रीपुरुषांवरील अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन गुण अधिक असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. या कामाचे मोल निर्विवाद आहे.

परंतु त्या पट्टीची घडण पाहण्यासारखी आहे. तेथे गुण देण्याची रेषा त्या लोकांच्याच मध्यावर ओढलेली असते. मधल्या माणसापेक्षा जो अधिक भाजी खातो त्याला गुण, जो कमी खातो त्याला शून्य. ग्रीसमध्ये हे चालून गेले, कारण तेथील मधला माणूसही भरपूर भाजी खात होता. ज्या गावात मधल्या माणसाला महिन्यातून एकदा फळ मिळते, तेथे दोनदा फळ खाणाराही या पट्टीवर पूर्ण गुण मिळवील! टंचाई सर्वांची असेल तर अशी मोजपट्टी तिला झाकून टाकते.

दुसरा मार्ग आदर्श ताट ठरवून त्याच्याशी तुलना करण्याचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींचे असे ताट आखून दिले आहे. त्यात दररोज धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम व दूध ३०० मिलिलिटर आहे. मांसाहार करणाऱ्यांनी डाळीचा काही वाटा मासे, अंडी वा मांसातून घ्यावा, अशी सोयही आहे. आता २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याकडे पाहावे. प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क त्या कायद्याने दिला. म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले, ही मोठी गोष्ट खरी. पण कायद्याच्या या हक्कात डाळ नाही. आदर्श ताटाप्रमाणे पाच प्रौढांच्या घराला महिन्याला पावणेतेरा किलो डाळ व ४५ लिटर दूध लागेल. डाळीचा भाव किलोला १०० रुपये धरला तरी एकट्या डाळीचे १,२७५ रुपये होतात. रोजंदारीवर जगणाऱ्या घराने ही रक्कम कोठून आणावी, हा प्रश्न आहारतज्ज्ञाच्या प्रश्नावलीत नसतो. तिच्यात केवळ ‘डाळ पुरेशी खाता का?’ एवढेच विचारलेले असते.

डाळीच्या रकान्याची आणखी एक कहाणी या जिल्ह्याला ठाऊक आहे. धान कापणीला येते तेव्हा बांधीतील ओलीवर लाखोळी फेकण्याची येथील जुनी रीत. पाणी नको, मशागत नको; गरिबाच्या घरी येणारी ही डाळ. तिच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीचा नियम झाला. मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य दिले जाई. महिनोन्‌महिने तेच पोटात गेले आणि माणसे अपंग झाली. घास दोन घास लाखोळी इतर अन्नाबरोबर खाणाऱ्याची गोष्ट वेगळी. प्रश्नावलीने त्या वेठबिगाराला विचारले असते तर ‘डाळ खाल्ली’ या रकान्यात त्याला पूर्ण गुण मिळाले असते! पदार्थ ताटात आहे की नाही याइतकेच, तो तेथे निवडीने आला की सक्तीने, आणि त्याच्याभोवती दुसरे काय आहे, हेही मोजावे लागते.

मोजणीच्या रीतीतही पुष्कळ हातचे राहून जाते. १९७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण निरीक्षण संस्थेचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन आदल्या चोवीस तासांत काय शिजले, कोणी किती वाट्या खाल्ले, हे विचारून नोंदवीत. २०१५ मध्ये ते काम थांबले. ही रीत उपयुक्त होती. पण एका दिवसाचे ताट म्हणजे वर्षाचे ताट नव्हे. पावसाळ्यात रानभाज्या आणि बोड्यांतले मासे, हिवाळ्यात लाखोळीची भाजी, उन्हाळ्यात मोहफुले. या भागाचे ताट ऋतूबरोबर बदलते. शिवाय भांड्यातले अन्न माणशी भागून काढले की घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय उरले, हे त्या भागाकारात नाहीसे होते. अलीकडे स्त्रियांसाठी दहा अन्नगटांची सोपी चाचणी निघाली आहे. आदल्या दिवशी त्यांतील किमान पाच गट पोटात गेले की नाही, एवढेच तीत पाहतात. तिने निदान त्या बाईला स्वतंत्रपणे विचारले, हे पाऊल पुढचे आहे.

मुलांबाबतचे उत्तर तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते २३ महिन्यांच्या शंभर बालकांपैकी सुमारे ११ बालकांनाच पुरेसा आहार मिळत असल्याचे दिसले. शंभरात ८९ माता निष्काळजी आहेत, असे कोण म्हणेल? जेथे जवळजवळ सारेच नापास होतात, तेथे परीक्षार्थी नव्हे, व्यवस्था नापास झालेली असते.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी २,२५० कॅलरी हा आधार घेऊन दारिद्र्याची रेषा आखली आणि ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के लोक तिच्याखाली असल्याचे दाखवले. माणसाची गरज माणसागणिक व दिवसागणिक बदलते, तेव्हा सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशीच असे मानता येणार नाही, असा आक्षेप पां. वा. सुखात्मे यांनी घेतला. वाद शास्त्रीय होता आणि तो व्हायलाच हवा होता. पण दोन्ही पक्षांनी अन्नाचा प्रश्न दारिद्र्याच्या प्रश्नापासून तोडला नाही. आजच्या गुणपट्ट्यांनी नेमका तोच धागा तोडला आहे. कॅलरीचा हिशेब सरकारला जाब विचारीत होता. पालनाचा हिशेब खाणाऱ्यालाच जाब विचारतो.

म्हणून मोजमाप नको, असे म्हणणे आत्मघाताचे ठरेल. मोजले नाही तर भूक अदृश्य होते, आणि अदृश्य भुकेसाठी कोणीही अंदाजपत्रकात तरतूद करीत नाही. मागणी वेगळी हवी. प्रत्येक रकान्यापुढे दुसरा रकाना असावा: खाल्ले नसेल तर का नाही? परवडले नाही, मिळाले नाही, रुचले नाही, की ठाऊक नव्हते? यांतील शेवटच्या कारणावरच उपदेश हा उपाय आहे. पहिल्या दोहोंवर मजुरी, स्वस्त धान्य दुकानातील डाळ, अंगणवाडीतील अंडे आणि तलावावरील मासेमाराचा हक्क हेच उपाय आहेत. मोजणी वर्षातून निदान तीन ऋतूंत व्हावी, बाईचे ताट वेगळे मोजले जावे, आणि निष्कर्ष अहवालात पुरून न ठेवता ग्रामसभेत वाचून दाखवले जावेत. ज्यांच्या ताटाचे मोजमाप झाले, त्यांना त्याचे उत्तर ऐकण्याचा व त्यावर बोलण्याचा पहिला अधिकार आहे.