बसलेल्या गव्याची चित्रं

भाचा अमेरिकेहून आला, तेव्हा माझ्यासाठी एक जुनं पुस्तक घेऊन आला. "मामू, गोष्ट राहू द्या, आधी चित्रं बघा," म्हणाला. कडा झिजलेल्या, पानं पिवळी, पण शिवण अजून घट्ट. एल्ब्रिज ब्रूक्स यांची १८९८ सालची कादंबरी, 'द मास्टर ऑफ द स्ट्राँग हार्ट्स'. चित्रं विल्यम केरी यांची.

'स्ट्राँग हार्ट्स' म्हणजे सू योद्ध्यांचं एक मंडळ आणि त्याचा म्होरक्या सिटिंग बुल. त्याच्या भाषेत तातांका इयोताके. तातांका म्हणजे तिकडच्या माळावरचा रानरेडा, आपल्या गव्याचा चुलतभाऊच म्हणा ना. 'सू' हे नावही शेजाऱ्यांनी ठेवलेलं, फ्रेंचांच्या तोंडून पसरलेलं. ते स्वतःला लाकोटा, डाकोटा म्हणवतात. माझी कविता ऐकून "तुमचं मराठी छान आहे हो" म्हणणारे भेटतात, तेव्हा मलाही असंच वाटतं, की आपण कोण हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलंय!

पुस्तकाचं नाव सिटिंग बुलवरून, पण खाली बारीक अक्षरात उपशीर्षक आहे, ते कस्टरच्या शेवटच्या झुंजीचं. केरी मिसुरी नदीच्या वरच्या मुलखात स्वतः हिंडले होते. त्यांची चित्रं ऐकीव नाहीत. तरीही पानं उलटताना वाटत राहतं, की चितारणारा उभा आहे तो घोडदळाच्या बाजूला.

मूळ प्रकरण जमिनीचं. १८६८च्या करारात अमेरिकी सरकारनं ब्लॅक हिल्सचे डोंगर सू लोकांना दिले. १८७४मध्ये कस्टरचीच मोहीम तिथं गेली आणि सोनं सापडल्याची बातमी घेऊन आली. मग करार कसला न् काय! २५ जून १८७६ रोजी माँटानात, लिटल बिगहॉर्न नदीकाठी, कस्टर आणि त्याचे अडीचशेहून अधिक लोक मारले गेले. पण डोंगर गेले ते गेलेच. १८७७मध्ये कायदा करून ते काढून घेतले.

या लढाईची दुसरी चित्रंही आहेत, आणि ती मला जास्त जवळची वाटतात. रेड हॉर्स नावाचा लाकोटा योद्धा त्या दिवशी लढला होता. १८८१मध्ये एका लष्करी डॉक्टरच्या सांगण्यावरून त्यानं बेचाळीस चित्रं काढली. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत. त्यांत तंबू आहेत, चाल करून येणारं घोडदळ आहे, पडलेले सैनिक आहेत. आपले मेलेलेही त्यानं लपवले नाहीत. आणि मेलेले घोडे, पानभर. कादंबरीकाराला घोड्यांचं एवढं काय? पण घोड्यावर जगणाऱ्या माणसाला ते मोजावेसे वाटले.

१९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं डोंगरांची भरपाई मंजूर केली. दहा कोटी डॉलरच्याही वर. सू लोकांनी ती घेतली नाही. भाच्यानं विचारलं, "मामू, एवढे पैसे का नाकारले?" मी पुस्तक मिटलं आणि संगणकावर त्याला रेड हॉर्सची चित्रं दाखवली. शेवटी शेवटी लाकोटा लोक रणांगण सोडून चाललेले दिसतात, घोड्यांवर, रांगेनं. तो बराच वेळ ती रांग बघत बसला.