वखार आणि माग

हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा पाहताना एक गोष्ट मोठी चमत्कारिक वाटते. सतराव्या शतकात युरोपीय व्यापारी कंपन्यांनी या किनाऱ्यावर वखारी घातल्या. परंतु त्यांतील कित्येक ठिकाणी धड बंदरही नव्हते. मद्रासचेच, म्हणजे आजच्या चेन्नईचे, उदाहरण घ्या. उघडा वाळूचा किनारा आणि त्यावर अखंड आदळणाऱ्या लाटा! जहाजे दूर समुद्रात नांगरून राहत आणि काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या मसुला होड्यांतून माणसे व माल भिजत भिजत किनाऱ्याला लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम बंदराचे काम सुरू होईपर्यंत हाच क्रम चालू होता. मग जन्माच्या दर्यावर्दी लोकांनी असली जागा का पसंत करावी?

या प्रश्नाचे उत्तर समुद्रात नाही. ते जमिनीवर आहे. १६३९ साली फ्रान्सिस डे या इंग्रजाने दामर्ल वेंकटाद्री नायकाकडून मद्रासपट्टणची जागा मिळवली. येथील कापड इतर ठिकाणांपेक्षा शेकडा वीसने स्वस्त पडते, हे त्याच्या पसंतीचे एक प्रमुख कारण होते. वखार वसली ती बंदर पाहून नव्हे, तर माग पाहून.

वास्तविक हे व्यापारी निघाले होते मसाल्याच्या शोधात. परंतु लवंग आणि जायफळ पिकवणाऱ्या पूर्वेकडील बेटांवर युरोपातील मालाला फारसे कोणी विचारीत नसे. तेथे मागणी होती ती हिंदी कापडाला. म्हणजे मसाला हवा, तर आधी कापड हवे. म्हणून डच १६०५ च्या सुमारास मच्छलीपट्टणला आले व १६१३ पर्यंत पुलिकतला त्यांचा किल्ला उभा राहिला. इंग्रज १६११ मध्ये मच्छलीपट्टणला पोहोचले. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने डॅनिश लोकांना तरंगंबाडी दिली. पुढे तंजावरला भोसल्यांचे राज्य झाल्यावर या परदेशी व्यापाऱ्यांचा संबंध मराठी दरबाराशी आला. १६७४ मध्ये फ्रेंचांनी पाँडेचरीत ठाण मांडले.

पुढे खुद्द युरोपलाच या कापडाने वेड लावले. चाय नावाच्या वनस्पतीच्या मुळ्यांपासून काढलेला तांबडा रंग धुतल्याने फिका पडत नसे. कलमाने रंगवलेली फुलेवेली पाहून तिकडच्या स्त्रिया मोहून जात. आपली साधी ‘छीट’ इंग्रजीत ‘चिंट्झ’ होऊन बसली ती याच काळात. तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांनी मात्र आकांत मांडला. फ्रान्सने १६८६ मध्ये रंगीत सुती कापडावर बंदी घातली. इंग्लंडने १७०० आणि १७२० मध्ये तसेच कायदे केले. राजसत्ता आपल्या विणकरांच्या पाठीशी उभी राहिली, की काय करू शकते, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

इकडे आपल्या विणकराची स्थिती कशी होती? तो श्रीमंत नव्हता. दुष्काळात त्याचे हाल होत. परंतु तो अगदीच असहाय नव्हता. कंपनीचा दलाल त्याला आगाऊ रक्कम देई. भाव पटला नाही, तर ती परत करून दुसऱ्याचे काम धरण्याची मुभा त्याला बहुधा असे. किनाऱ्यावर चार-पाच निशाणे फडकत होती. एकाशी बिनसले, तर दुसरा दारात उभा होताच. जाच फारच वाढला, तर विणकर गावच सोडून जात. आणि गाव ओस पडले, की वखारीत कापडाचे गठ्ठे कोठून येणार? म्हणून तर १७३४ मध्ये मद्रासच्या इंग्रज गव्हर्नराने सूत कातणारे, विणणारे व रंगवणारे यांच्यासाठी मुद्दाम एक पेठ वसवली. विणकराला बोलवावे लागे, हाच त्याचा मान होता.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. लढाया आणि तह यांच्या बळावर इंग्रज कंपनी या मुलखाची धनी होऊ लागली. १८०१ मध्ये कर्नाटकच्या नबाबाचा कारभारही तिच्या हाती गेला. इतर निशाणे नावापुरती उरली. आता मध्यस्थ व्यापाऱ्याच्या जागी कंपनीचा गुमास्ता आला आणि विणकराने दुसऱ्या कोणासाठी विणू नये, म्हणून त्याच्यावर शिपायांचा पहारा बसू लागला. गाव तेच, माग तोच, हातही तेच. परंतु गिऱ्हाईक आणि राजा एकच झाला होता. भाव ठरवणाराच न्याय देऊ लागला, तर दाद मागायची कोणाकडे?

हिंदी विणकर यंत्राने बुडवला, असे आपण सहज म्हणतो. इंग्लंडच्या गिरण्यांचे कापड एकोणिसाव्या शतकात आले आणि त्याने घाव घातला, हे खरेच आहे. पण त्याआधीच त्याचा सौदा करण्याचा हक्क हिरावला गेला होता. सरकारी कारभारात वावरणाऱ्या माझ्यासारख्याला या इतिहासातून हाच अर्थ दिसतो, की व्यापार करणारा हात आणि दंड धरणारा हात वेगळे राहिले पाहिजेत.

मद्रासची ती पेठ आजही नांदते आहे. तिचे नाव चिंताद्रिपेठ. ‘चिन्न तरि पेट्टै’ म्हणजे लहान मागांची पेठ, अशी त्याची फोड सांगतात. त्या नावाचा आपल्या चिंतेशी काही संबंध नाही. परंतु तेथील विणकराच्या वाट्याला पुढे जे आले, ते आठवले म्हणजे मराठी कानाला ते नाव काही वेगळेच सांगून जाते.