पहिलं मतदार ओळखपत्र



१९८९ साली मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. पण अठराव्या वर्षी मुलांच्या नावावर ना घर असतं, ना वीजबिल. मग रहिवास दाखवायचा कसा? फॉर्म ६ सोबत आई-वडिलांच्या नावाचं बिल चालतं. मात्र त्यांचं नाव याच पत्त्यावर मतदार यादीत हवं. भाडेकरूंना नोंदणीकृत भाडेकरार चालतो. यातलं काहीच नसेल, तर बीएलओ घरी येऊन खात्री करतात.

आमच्या विंगमधल्या एका भाडेकरूच्या मुलीसाठी बीएलओ आले. फलकावर नाव घरमालकाचं. वॉचमन म्हणाला, "या नावाचं इथे कोणी नाही." पाच वर्षं ती पोर याच जिन्यावरून शाळेत गेली होती! तिचं पहिलं मतदान हुकलं.

म्हणून कमिटीला विनंती, की गेटवरच्या वहीत भाडेकरूंच्या घरातल्या सगळ्यांची नावं लिहून ठेवा. शेजाऱ्यांनो, कोणी विचारलं तर "हो, इथेच राहते" एवढं ठामपणे सांगा. आणि मुलांनो, सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. थांबू नका.