देह कोणाच्या ताब्यात?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सेक्रेटरींना विषय सांगितला, अवयवदान आणि देहदानाचा कायदा. ते म्हणाले, "वकीलसाहेब, रौप्यमहोत्सव आहे, जरा शुभ बोला की." पण मंडळी, २५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक जण चाळिशीच्या आसपास होतो. आज तिसऱ्या मजल्यावरचे दोघेतिघे तळमजल्याचा फ्लॅट कोणी विकतंय का, अशी चौकशी करतात. तेव्हा विषय वेळेवरच आहे.

सोसायटीत राहून आपण एक कायदा अनुभवाने शिकलो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. फॉर्म भरून दिला की फ्लॅट त्याचा, असं वाटतं. पण तो वारसांसाठी सांभाळणारा विश्वस्त असतो. देहदानाचा फॉर्म भरलेल्यांचा समजही असाच असतो. फॉर्म भरला, कार्ड पाकिटात ठेवलं, झालं काम. तसं नाही. देह ही मालमत्ता नाही. श्वास थांबला की आपण सांगायला नसतो, आणि कायदा मग एकच प्रश्न विचारतो: हा मृतदेह कायदेशीर ताब्यात कोणाच्या आहे?

आधी थोडं मागचं सांगतो. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया केली. जगातल्या पहिल्या काही शस्त्रक्रियांपैकी ती एक. रुग्ण काही तासच जगला. तेव्हा आपल्याकडे मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, असं सांगणारा कायदाच नव्हता. तो आला १९९४ साली, मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या ३ राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव केले म्हणून संसदेने तो केला, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून आपल्याकडे लागू झाला. २०११ मध्ये दुरुस्ती होऊन ऊतीही त्यात आल्या, २०१४ मध्ये नवे नियम झाले.

देहदानाचा कायदा मात्र वेगळा आणि जुना, १९४९ चा अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट. लोक दोन्हींची सरमिसळ करतात, म्हणून साध्या भाषेत सांगतो. हृदय, यकृत, मूत्रपिंडं हे अवयव घरी गेलेल्या माणसाचे घेता येत नाहीत. त्यासाठी माणूस आयसीयूमध्ये, मशीनवर आणि ब्रेन डेड असावा लागतो. ते ४ डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, तपासण्या दोनदा करतात, आणि दोन्हींत किमान ६ तासांचं अंतर ठेवतात. घरी गेलेल्या माणसाचे डोळे मात्र देता येतात. ६ तासांच्या आत, घरी येऊनही प्रशिक्षित माणूस नेत्रपटल काढून नेतो. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, मधुमेह असो, चालतं. आणि अख्खा देह जातो तो मेडिकल कॉलेजला, मुलांच्या शिक्षणासाठी. अवयव काढलेला देह कॉलेज सहसा घेत नाही. डोळे दिले असतील तर हरकत नसते.

आता आपल्या भागाचं बोलू. नाशिक हायवेवर अपघात होतात, पावसाळ्यात सर्पदंश होतात, कोणी विहिरीत पडतो. ही सगळी पोलीस केस. पोस्टमॉर्टेम झालेला देह कॉलेज देहदानात घेत नाही, फॉर्म कितीही जुना असो. पण म्हणून अवयवदान बंद होत नाही. मृत्यूचं कारण शोधायला तो अवयव लागणार नसेल, तर अधिकारी परवानगी देऊ शकतो, कायद्याच्या सहाव्या कलमातच तसं आहे. अपघातातला तरुण ब्रेन डेड होतो तेव्हा घरच्यांना हे कोणीतरी सांगावं लागतं.

घरचे म्हणजे कोण, हेही ऐका. कायद्यातली जवळच्या नातलगांची यादी अशी: नवरा-बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजोबा, आजी, नातवंडं. संपली. सून नाही, जावई नाही, चुलता नाही, पुतण्या नाही. आपल्याकडे निर्णयाच्या वेळी सगळ्यात मोठा आवाज कोणाचा असतो? चुलत्याचा! "अर्धं शरीर गावात कसं न्यायचं?" कायद्यात त्या आवाजाला वजन नाही. सख्ख्या भावाच्या हरकतीला मात्र आहे. मृताने काहीच लिहून ठेवलं नसेल आणि जवळच्या एकाही नातलगाचा विरोध असल्याचं दिसलं, तर संमती देता येत नाही. (अवयव घेतल्यावर देह नीट शिवून घरच्यांच्या स्वाधीन करतात. दहावं-तेरावं करायला कोणी अडवत नाही.)

आणि आता सोसायटीच्या कामाची गोष्ट. आपल्याकडे कितीतरी घरांत दोघंच असतात. मुलं पुण्यात, बंगळुरात, परदेशात. रात्री कोणी गेलं तर शेजारी धावतो. मुलगा फोनवर सांगतो, "काका, मला पोचायला दोन दिवस लागतील, तुम्हीच उरकून घ्या." अशा वेळी देह ज्याच्याकडे केवळ अंत्यसंस्कारासाठी सोपवला आहे, त्याला अवयव द्यायचा अधिकार नाही. चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तीस वर्षांचा शेजार असला तरी शेजारी सही करू शकत नाही. जिवंतपणी दिलेली लेखी संमती इथे उपयोगी पडते, कारण ती असेल तर ताबा असलेल्या माणसाने सहकार्य करावं, असं कायदा म्हणतो. अक्षर तसं आहे, व्यवहार वेगळा. नातलग विरोधात उभे असतील तर कुठलाही डॉक्टर हात लावत नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

जवळच्याच एका गावातले निवृत्त गुरुजी होते. गेले ते घरीच, झोपेत. दहाव्या दिवशी विम्याचे कागद शोधताना मुलीला ट्रंकेत देहदानाचा भरलेला फॉर्म सापडला. दोन साक्षीदार होते, दोघंही शाळेतले सहकारी. ती तो कागद घेऊन माझ्याकडे आली. "वकीलदादा, बाबांची सही आहे. आता काही करता येईल का?" अस्थी विसर्जित झाल्या होत्या. ती बराच वेळ बसून राहिली, नंतर म्हणाली, "एकदा बोलले असते तर मी नाही म्हटलं नसतं."

म्हणून अवयवदानाच्या फॉर्म ७ ची अट मला फार शहाणपणाची वाटते. १८ वर्षांवरचा कोणीही तो भरू शकतो, साक्षीदार किमान दोन, आणि त्यातला एक जवळचा नातलग हवाच. म्हणजे कायदा तुम्हाला घरात बोलायला लावतो. इच्छापत्रात लिहून ठेवतो म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की इच्छापत्र उघडतात तेराव्यानंतर.

आपल्या हिंगोलीकडच्या कडोळीचे नानाजी देशमुख २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला वारले. त्यांनी हयातीतच लिहून ठेवलं होतं आणि भोवतालच्या माणसांना ते ठाऊक होतं. म्हणून एवढ्या लांबून त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला पोचू शकला. आपल्याला शहापूरहून हायवेने कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयात जायचं, एवढंच. पण आधी फोन करावा. गाडी पाठवतात का, रात्री घेतात का, हे आत्ताच विचारून ठेवा. डॉक्टरचा मृत्यूचा दाखला लागतो, आणि किन्हवलीत रात्री दोन वाजता तो कोण देईल, याचाही विचार करून ठेवा. एचआयव्ही, कावीळ ब, क्षय असे आजार असतील तर कॉलेज नाही म्हणू शकतं. घरच्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

पैशाचं एका वाक्यात. अवयव विकणं-विकत घेणं गुन्हा आहे, ५ ते १० वर्षांची कैद आणि २० लाख ते १ कोटी दंड. उलट ब्रेन डेड ठरल्यानंतर अवयव टिकवण्याचा आणि काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही. कोणी बिलात लावला तर माझ्याकडे या.

फॉर्म ७ च्या प्रती टेबलावर ठेवल्या आहेत. आज सही करू नका, घरी न्या. आता चहाच्या आधी १० मिनिटं आहेत, काही विचारायचं असेल तर विचारा. पाटीलकाकूंनी मघापासून हात वर केलाय, त्यांच्यापासून सुरुवात करू.