चाकाचा तोल आणि स्टेअरिंगची थरथर



आपल्या साखरखेर्ड्याचे नाव इतिहासात गाजले ते 1724 सालच्या लढाईमुळे. निजामुल्मुल्काने येथे मुबारिझखानाचा पराभव केला. त्या फौजांच्या गाड्यांना चाके होतीच. पण चाकाच्या तोलाची काळजी त्या सुतारांना कशाला पडेल? बैलाच्या चालीला गाडीचे चाक एकदा पुरते फिरायला तीन-चार सेकंद घेते. तुंबा एका अंगाला जड असला काय, किंवा धाव सांध्यापाशी जाड असली काय, चाक कुरकुरेल. पण धुरेवर बसलेल्याच्या हाताला मुंग्या येणार नाहीत.

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, आणि सिंदखेडराजा-मेहकरच्या आपल्या टापूतून मोटारी ताशी 120 किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत धावू लागल्या. गावच्या रस्त्यावर गुणी दिसणाऱ्या गाड्यांचे अवगुण तेथे उघडे पडू लागले.

आमचीच फजिती सांगतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही शेतावरून परस्पर निघालो आणि मेहकरजवळ महामार्गावर चढलो. काटा 80 च्या पुढे गेला आणि स्टेअरिंग हातात थरथरू लागले. 110 वर थरथर बरीच कमी झाली. शेजारचे स्नेही म्हणाले, “बघा, वेग दिला की सुतासारखी सरळ येते!” आम्हालाही ते पटले. पुढे एका कारखान्यात गाडी दाखवली. त्यांनी अलाइनमेंट केली, टाय रॉडची टोके बदलली, बिल दिले. थरथर होती तशीच. अखेर पंक्चर काढणाऱ्या एका पोराने चाक उतरवून आत बोट दाखवले. रिमला आतल्या अंगाने लिंबाएवढे काळ्या मातीचे ढेकूळ वाळून घट्ट बसले होते!

एवढ्याशा ढेकळाने एवढी मोठी गाडी हलावी कशी? थोडा हिशेब करू. दहा रुपयांची चार नाणी म्हणजे साधारण 30 ग्रॅम. एवढे जादा वजन पंधरा इंची रिमच्या कडेला एकाच ठिकाणी आहे असे धरा. ताशी 45 किलोमीटरला ते चाकाला बाहेर ओढते सुमारे 1 किलोच्या जोराने. वेग दुप्पट झाला, 90 झाला, की ओढ चौपट, म्हणजे 4 किलो. 120 ला ती 7 किलोंवर जाते. आणि ही ओढ एका दिशेला नव्हे. 90 च्या वेगाला चाक सेकंदाला तेरा वेळा फिरते, म्हणजे तितक्या वेळा ती वर, पुढे, खाली, मागे हिसके देते.

मग 110 ला थरथर कमी का झाली? झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर तो उंच जातो. भलत्या वेळी दिला तर जात नाही. चाक आणि त्याची स्प्रिंग यांनाही स्वतःची लय असते. बहुतेक मोटारींत 80 ते 100 च्या दरम्यान चाकाचे हिसके त्या लयीशी जुळतात. पुढे ती जुळणी मोडते, हात शांत होतो. ओढ मात्र वाढतच असते. आमचे स्नेही ज्याला सरळ येणे म्हणत होते, त्या वेळी बेअरिंग आणि सांधे अधिकच मार खात होते. थरथर टाळण्यासाठी वेग वाढवणारे चालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यात आम्हीही होतो.

रोग ओळखणे अवघड नाही. थरथर हातात आली तर पुढच्या चाकांचा संशय घ्यावा; बैठकीत आली तर मागच्या. पुढची चाके मागे टाकून पाहावीत. थरथर हातातून बैठकीत गेली, तर दोष चाकांतच आहे. ब्रेक दाबतानाच हादरे बसत असतील तर ब्रेकची तबकडी पाहावी. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. तोल साधणे आणि अलाइनमेंट ही दोन वेगळी कामे आहेत, हे आम्ही बिल भरून शिकलो.

तोल साधायला नेताना चाके आधी आतून धुवून घ्या; विशेषतः आपल्याकडे, जेथे पहिल्या पावसानंतर माती वहाणसुद्धा सोडत नाही. यंत्र चाक फिरवून आतल्या व बाहेरच्या कडेला किती ग्रॅमची उणीव आहे ते दाखवते. तेवढी वजने लावली की चाक पुन्हा फिरवून आकडा शून्य येतो का, हे उभे राहून पाहावे. घाईत हेच वगळले जाते. वजन फारच लागू लागले तर रिम वाकलेली असेल. निदान टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून पुन्हा पाहायला सांगा. टायरला फुगवटा आला असेल तर वजने लावून तो झाकू नका. असा टायर फुटण्याची भीती असते; तो बदलावाच लागतो.

पंक्चर काढताना टायर आणि रिम यांवर समोरासमोर खडूची खूण करून ठेवली, तर टायर पूर्वीच्याच जागी बसतो. तरी आतून लावलेल्या ठिगळाचे चार ग्रॅम उरतातच. चाक बसवताना नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा पान्हा लावून पाहावा.