ढाली आणि सायकलचं चाक
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला ‘आयटीतले अनुभव’ सांगायला उभं केलंय, पण ते तुमची मुलंच तुम्हाला रोज ऐकवत असतील. मी एका संग्रहालयाबद्दल बोलते.

कंपनीच्या कामाने लिस्बनला गेले होते. एका मोकळ्या रविवारी बेन्फिका क्लबचं संग्रहालय पाहिलं. फुटबॉल म्हटलं की यूसेबिओ आणि १९६१-६२चे युरोपियन करंडक, ते ओघाने आलंच. मला मात्र त्यांच्या बोधचिन्हाने धरून ठेवलं. गरुडाच्या मागे चक्क सायकलचं चाक! १९०८ साली हा क्लब दुसऱ्या एका क्लबात मिसळला, तिथे सायकलिंग चालायचं. त्यांचं चाक यांनी कायमचं चिन्हात ठेवलं. ज्युदो, बास्केटबॉल, चाकांच्या बुटांवरची हॉकी, सगळं याच क्लबात. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीचं सुवर्ण मिळवणारा नेल्सन एव्होरा तेव्हा याच क्लबाचा होता.

संग्रहालयाला नाव कॉस्मे दामियाव यांचं. १९०४ साली एका औषधाच्या दुकानात काही पोरं जमली आणि क्लब ठरला. तेव्हा दामियाव यांनी चोवीस नावं कागदावर लिहून ठेवली. ना मैदान, ना पैसा. पण यादी केली!

आता आपल्याकडे या. जुनी इमारत पाडायची ठरली आहे. क्रीडासाहित्याच्या खोलीतल्या ढाली मी मागच्या महिन्यात शिपाईमामांबरोबर पुसून काढल्या. पितळी पट्टीवर ‘खो-खो, मुली, विजेता संघ’ एवढंच. मुली कोण, ते कुठेच नाही. सरांची वही वाळवीने अर्धी खाल्लेली. (सर, तुमचं अक्षर मात्र अजून तसंच ठसठशीत आहे.)

नव्या इमारतीत एक भिंत द्यायला मुख्याध्यापकांनी होकार दिलाय. फोटो स्कॅन करणं, याद्या लावणं मी करते, तेवढं इंजिनिअरिंग येतं मला. आमच्या संघातल्या बारापैकी अकरा नावं जुळली. मी स्वतः राखीव होते, तरी माझं सापडलं. बारावी राहिलीय ती खांबावर सूर मारून गडी टिपणारी. अंतिम सामना तिनेच काढला होता. दहावीच्या आधीच लग्न होऊन गेली. आम्ही सगळ्या तिला ‘चिमणी’ म्हणायचो. हजेरीतलं नाव कुणालाच आठवत नाही. नदीपलीकडच्या वाडीतून यायची.

त्या वाडीचं कुणी आलं असेल, तर जेवणाआधी मला गाठा. वही घेऊन दारातच बसलेय.