पाटे, पाचर आणि शाफ्टचा कोन
(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेले भाषण)



बँकेतल्या माणसाने व्याजदरावर बोलावं, अशी अपेक्षा असते. पण मागच्या सर्वसाधारण सभेत ‘जुन्या गाड्या पार्किंग अडवतात’ असा मुद्दा निघाला. मुद्दा रास्त आहे. जी गाडी चालत नाही, तिने जागा अडवू नये. म्हणून गाडी चालती कशी ठेवायची, त्यातला एकच भाग आज सांगतो.

माझी अॅम्बॅसेडर तुम्हाला माहीत आहे. संस्थेच्या सुरुवातीच्या वर्षांत रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर तीच निघायची. पुढे तिचे मागचे पाटे बसले. एका गॅरेजवाल्याने जास्तीचा पाटा घालून गाडी उंच करून दिली. दिसायला झकास! पण ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेलं की फरशीखालून घूं-घूं थरथर. चाकं बॅलन्स करून घेतली, तरी तीच. ‘जुनी गाडी आहे साहेब, चालायचंच,’ हे उत्तर मिळालं. मला ते पटलं नाही.

कारण असं. गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट मागच्या डिफरन्शियलला फिरवतो. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. क्रॉस वाकड्या कोनात फिरला की पलीकडचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. ६० च्या वेगाला शाफ्ट मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेतो, म्हणजे झटके ४,००० च्या घरात. पुढच्या क्रॉसने केलेली ही चढउतार मागच्या क्रॉसने फेडायची असते. आपल्या भाषेत, नावे आणि जमा जुळली पाहिजेत. त्यासाठी दोन्ही कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. गाडी उंच केली की शाफ्टचा उतार बदलतो आणि ताळेबंद बिघडतो.

मोजायचं कसं? गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी हवी. जॅकवर मागची चाकं लोंबकळत असताना घेतलेलं माप कुचकामी. कोनमापक तीन ठिकाणी लावायचा: गिअरबॉक्स, शाफ्ट, पिनियन. माझ्या गाडीत गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता, शाफ्ट ६ अंश उतरता आणि पिनियन अगदी सपाट निघाला. म्हणजे पुढचा कोन ३, मागचा ६. तूट ३ अंशांची!

उपाय स्वस्त आहे. पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये पाचर बसवून पिनियनचं नाक वर उचलायचं. मी ३ ऐवजी २ अंशांची पाचर घातली. कारण अॅक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि नाक आपोआप थोडं वर येतं. त्यासाठी एक अंश राखून ठेवला. पाचरीची जाड बाजू पुढे की मागे, हे पाटा अॅक्सलच्या वर आहे की खाली, यावर ठरतं. कोन शून्य करायचा मोह मात्र टाळा. क्रॉसमधल्या सुया हलल्याच नाहीत, तर त्याच जागी खड्डे पाडतात. एक ते तीन अंश ठीक.

बाजारात तयार पाट्यांचे संच, ठोकळे, एअर बॅग सगळं मिळतं. काहीही बसवा, पण नंतर कोन मोजा. शाफ्टचा सरकता योक आत-बाहेर जायला जागा शिल्लक आहे का तेही बघा. यू-बोल्ट काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ विसरू नका: नोंदणी पुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही.

थरथर ही नुसती कटकट नाही. ती क्रॉस खाते. धावत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं. आजारी माणूस मागच्या सीटवर असताना असं व्हावं, हे कोणालाच परवडणारं नाही.

माझी थरथर गेली. कोनमापक माझ्याकडे आहे. ज्यांना गाडी तपासायची त्यांनी रविवारी सकाळी खाली यावं. चहा माझ्याकडून.